एचआयव्हीची गोळी: मोठ्यांना रोज एक, लहानांना वजनावर

एचआयव्हीवरच्या औषधोपचाराला एआरटी म्हणतात. सरकारी एआरटी केंद्रात तो २००४ पासून मोफत मिळतो. आधी सीडी-४ पेशी ठरावीक आकड्याखाली गेल्यावरच औषध सुरू व्हायचं. २०१७ पासून तो नियम गेला. आता तपासणी पॉझिटिव्ह आली, की पेशी कितीही असोत, उपचार सुरू करतात.

बहुतेक मोठ्या माणसांना टीएलडी नावाची गोळी देतात. टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम अशी तीन औषधं त्या एकाच गोळीत असतात. दिवसातून एकदा, जेवणाआधी किंवा नंतर, कधीही चालते. वेळ मात्र रोज तीच ठेवायची. गोळी विसरली तर आठवेल तेव्हा घ्यावी, पण पुढची वेळ अगदी जवळ आली असेल तर दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत.

खरी गडबड पुढे होते. पाच-सहा महिन्यांत वजन भरतं, ताप-खोकला जातो, माणूस शेतात कामाला लागतो आणि मग ‘आता बरं झालं’ म्हणून गोळी सोडतो. हे औषध विषाणूला दाबून ठेवतं, मुळापासून काढत नाही. गोळी बंद झाली की विषाणू पुन्हा वाढतो. अधूनमधून घेतली तर तो औषधाला दाद देईनासा होतो आणि मग दुसरी औषधं द्यावी लागतात. गोळी लागू पडते का, हे अंगातल्या ताकदीवरून कळत नाही. त्यासाठी व्हायरल लोड ही रक्ततपासणी आहे. ती साधारण सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा होते. विषाणू रक्तात सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

गरोदर बाईला आशाताई लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देतात. त्या उपाशीपोटी टीएलडीबरोबर घेतल्या तर डोल्युटेग्राविर अंगी लागत नाही. टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी, नाहीतर सगळ्या जेवणासोबत घ्याव्यात. पित्ताच्या पातळ औषधाला मात्र वेळेचं अंतरच ठेवावं. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर बारा तासांनी डोल्युटेग्राविरची आणखी एक गोळी लागते. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असली तर तेही केंद्रात सांगावं. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, झोप न येणं असा त्रास काहींना होतो. बहुतेकदा तो कमी होतो, आणि झोपच येत नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी घेता येते. टेनोफोविरमुळे किडनीवर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून क्रिएटिनिनची तपासणी टाळू नये.

लहान मुलांचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. मूल वाढतं तसा डोस बदलतो, म्हणून दर वेळी वजन करून घ्यावं. वजन साधारण ३० किलोच्या पुढे गेलं की मोठ्यांची गोळी चालते. त्याखालच्या मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या येतात. त्या स्वच्छ पाण्यात विरघळवून अर्ध्या तासाच्या आत पाजायच्या आणि वाटीत उरलेलं थोडं पाणी घालून तेही पाजायचं. मोठ्यांची गोळी तोडून मुलाला देऊ नये. दोन्ही गोळ्यांचा मिलिग्रॅमचा हिशेब सारखा नसतो.

आई पॉझिटिव्ह असली तरी तिचं औषध नियमित असेल तर बाळाला लागण होण्याचा धोका खूप कमी होतो. बाळाला जन्मल्याबरोबर प्रतिबंधक औषध सुरू करतात आणि सहा आठवड्यांनी पहिली तपासणी होते.

ऊसतोडीला किंवा कामाला बाहेरगावी जायचं असेल तर निघण्याआधी केंद्रात सांगावं. तब्येत स्थिर असेल तर जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात किंवा जवळच्या केंद्रात नाव बदलून देतात. उपचाराचं पुस्तक सोबत ठेवावं. गावात कळेल या भीतीने काही जण केंद्रावर जातच नाहीत. पण रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने बंधनकारक आहे, आणि १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही विचारता येतं.