सहावं बोट

निळ्या आभाळात उडणारी 'थांबा'ची पाटी. २०१५ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या एल्मान मान्सिमोव्ह आणि सहकाऱ्यांनी संगणकाला अशा अर्थाचं वाक्य दिलं आणि त्याने चित्र काढलं. निळ्यावर तांबडा डाग, बस्स. आकार ३२ बाय ३२ पिक्सेल, म्हणजे अवघे १,०२४ ठिपके. पण पाट्या काही उडत नाहीत. नक्कल करायला तसा फोटो मिळणं कठीणच होतं.

त्याच्या आदल्याच वर्षी माँट्रियलमध्ये इयन गुडफेलो यांनी दोन यंत्रणांची झुंज लावली होती: एकीने नकली चित्र बनवायचं, दुसरीने ते पकडायचं. २०१८ च्या अखेरीस एनव्हिडियाचं स्टाइलगॅन याच रीतीने १,०२४ बाय १,०२४ आकाराचे चेहरे काढू लागलं. टोरांटोच्या अख्ख्या चित्रातले ठिपके इथे एका ओळीत संपत! त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात 'एडमंड द बेलामी'चं यंत्राने काढलेलं व्यक्तिचित्र ४,३२,५०० डॉलरला गेलं. अंदाज होता सात ते दहा हजारांचा. चित्र म्हणाल तर सुमारच.

खरी उडी वेगळ्या वाटेने आली. अँटेना हलला की जुन्या टीव्हीवर मुंग्या येत, तशा मुंग्या चित्रावर टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायच्या आणि यंत्राला त्या उलट पुसत यायला शिकवायचं. कल्पना २०१५ ची. २०२० मध्ये बर्कलीच्या हो, जैन आणि अबील यांनी ती चांगल्या चित्रांपर्यंत आणून दाखवली. पण हे काम फार खर्चिक. म्युनिकच्या संशोधकांनी त्यावर तोड काढली: ५१२ बाय ५१२ चं चित्र आधी ६४ बाय ६४ च्या जाळीत दाबायचं, मुंग्या तिथेच पुसायच्या आणि मग चित्र पुन्हा उलगडायचं. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेलं स्टेबल डिफ्यूजन त्यामुळे घरच्या संगणकावरही चालू लागलं.

ही काटकसर बोटांच्या मुळावर आली. लांब उभ्या माणसाचा हात त्या जाळीच्या जेमतेम दोन-चार घरांत मावतो. त्यातून शिकवणीच्या फोटोंमधली बोटं कधी खिशात, कधी कपाभोवती, अर्धीमुर्धी दिसणारी. म्हणून शालूची झळाळी हुबेहूब, आणि तो सावरणाऱ्या हाताला बोटं सहा.

मार्च २०२३ मध्ये मिडजर्नी या दुसऱ्या चित्रयंत्राच्या पाचव्या आवृत्तीने हात बरेच सुधारले. त्याच महिन्यात यंत्राने काढलेल्या, पांढरं फुगीर जॅकेट घातलेल्या पोपच्या चित्राने भलेभले फसले. कॉफीच्या कपाशी अडखळलेली बोटं पाहिली ती थोड्यांनीच.

ठिपके वाढले, बोटं जमली, तरी सांगावं एक आणि यंत्राने काढावं भलतंच, हे चालूच होतं. दोष शिकवणीसाठी दिलेल्या फोटोंखालच्या मथळ्यांचा. इंटरनेटवर फोटोखाली लोक काय लिहितात? तारीख, नाव, नाहीतर जाहिरात. मांजर कुठे बसलंय, भिंतीचा रंग कोणता, हे कोण लिहितो! २०२३ च्या डॅल-ई ३ या आपल्या चित्रयंत्रासाठी ओपनएआयने फोटोंची सविस्तर वर्णनं करणारं वेगळं यंत्रच तयार केलं. शिकवणीतले ९५ टक्के मथळे त्याने लिहिलेले होते. मूळचे राहिले ५ टक्के.