कोणत्या भिंतीला कोणता रोलर?

जव्हार-मोखाड्यात कारवीच्या कुडावर शेणमातीने लिंपलेल्या आणि सिमेंटचा गिलावा केलेल्या, अशा दोन्ही भिंती दिसतात. दोन्हींना एकच साधन चालत नाही.

कुडाची भिंत : येथे रोलर टाळावा. ओल्या रंगाने लिंपण भिजते आणि फिरणारा रोलर त्याचे पापुद्रे उचलतो. गेरू फडक्याने हलक्या हाताने द्यावा. वारली चित्रातील तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघांना टोक चावून मऊ केलेली बांबूची काडीच लागते.

सिमेंटची भिंत : पुट्टी केलेल्या गुळगुळीत भिंतीला आखूड लवेचा (६ ते १० मिमी) रोलर घ्यावा. खरबरीत बाहेरच्या गिलाव्याला लांब लवेचा (१८ ते २० मिमी) लागतो. आखूड लव खळग्यांत पोहोचत नाही. कोरे राहिलेले खळगे पावसाळ्यात पाणी शोषतात.

दारे-खिडक्या : ऑइलपेंटसाठी अगदी आखूड लवेचा लहान रोलर पुरतो.

निगा

- नवा रोलर धुऊन सुटे धागे काढावेत.
- पाण्याच्या रंगाआधी तो ओला करून पिळावा.
- जेवणाच्या सुट्टीत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळावा.
- रंगकाम उन्हाळ्यात होते, तेव्हाच मोखाड्यात पाण्याची टंचाई असते. म्हणून आधी उरलेला रंग डब्यात निपटावा, मग दोन बादल्यांत धुवावा. ते पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये.
- ऑइलपेंटचा रोलर आधी टर्पेंटाइनने, मग साबणाने धुवावा.
- टांगून वाळवावा. आडवा ठेवल्यास लव एका बाजूला दबते आणि भिंतीवर पट्टे उमटतात.