वऱ्हाडातील सोप्या भटकंतीच्या वाटा

वऱ्हाड हे वाळवंट नव्हे. परंतु मार्चनंतर येथील ऊन वाळवंटाची आठवण करून देते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर विहिरीला पाणी असूनही ते पिण्याजोगे नसते. त्यामुळे मुलाबाळांसह एका दिवसाची पायी भटकंती करावयाची असल्यास डोंगराच्या उंचीपेक्षा पाणी आणि वेळ यांचा हिशेब आधी मांडावा लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यासाठी सर्वांत सोयीचा. उत्तरेकडील सातपुड्याच्या गाविलगड रांगेत लहानथोरांना झेपतील अशा वाटा बऱ्याच आहेत.

अकोलेकरांना जवळचा किल्ला म्हणजे नरनाळा. अकोल्याहून अकोट सुमारे ४५ किलोमीटर आणि तेथून पुढे पायथ्याचे शहानूर. किल्ल्याचा परिसर मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडत असल्याने वनखात्याकडे नोंद करूनच पुढे जाता येते. प्रवेशाच्या वेळा निघण्यापूर्वी विचारून घ्याव्यात. गाडीरस्ता थेट गडावर जातो. लहान मुले सोबत असताना पायथ्यापासून चढण्याचा हट्ट धरू नये, कारण हे वाघ-अस्वलांचे जंगल आहे. खरी पायपीट माथ्यावरच करावी. महाकाली दरवाजा हे गडाचे वैभव. १४८७ च्या सुमारास, बहमनी राजवटीच्या उत्तरकाळात उभारलेल्या या दरवाजावरील कोरीव अक्षरे व कमळे पाहण्यास अर्धा तासही अपुरा पडतो. नऊगजी तोफ मुलांना हमखास आवडते. मात्र जाणत्याने थांबावे ते तलावांपाशी. पावसाचे पाणी अडवून, वळवून साठविण्याची येथील व्यवस्था पाहिली म्हणजे इतक्या कोरड्या मुलखात गड शतकानुशतके कसा नांदला, याचा उलगडा होतो. हे पाणी आज पिण्यासाठी नाही. माणशी किमान तीन लिटर पाणी अकोटहून भरून न्यावे.

अमरावतीकरांसाठी चिखलदरा. परतवाड्यामार्गे सुमारे ८५ किलोमीटरचा हा प्रवास घाटामुळे अडीच तासांचा धरावा. सुमारे ११०० मीटर उंचीवरील या गावात उन्हाची धग निश्चितच कमी असते. गावापासून दोन-तीन किलोमीटरवर गाविलगड आहे. बहुतेक किल्ल्यांवर चढून जावे लागते. येथे पठारावरूनच प्रवेश होत असल्याने आजी-आजोबाही सहज चालू शकतात. दरवाजांवरील शार्दूल व गंडभेरुंडाची शिल्पे आवर्जून पाहावीत. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडून घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. इंग्रजांनी तोफा डोंगरांतून ओढत आणून उत्तरेच्या पठारावर डागल्या होत्या. आज ज्या बाजूने चालणे सोपे, तीच गडाची दुबळी बाजू होती! आतील वाटांवर गवत माजते आणि दिशाफलक फारसे भेटत नाहीत, म्हणून स्थानिक वाटाड्या घेतलेला बरा. तटबंदीच्या कडेला मुलांचा हात सोडू नये. बुरुजांवर आग्यामोहोळ दिसल्यास धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळून मागे फिरावे.

पावसाळ्यात चिखलदऱ्याचे धबधबे, विशेषतः भीमकुंडाचा, गर्दी खेचतात; पण धुके आणि शेवाळ यांमुळे कड्यांवरील वाटा तेव्हा कुटुंबासाठी सुरक्षित राहत नाहीत. तेथे गाडीने फिरून पाहणेच शहाणपणाचे.

परतवाड्यापासून सुमारे १५ किलोमीटरवरील मुक्तागिरी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात असले, तरी वऱ्हाडी माणसाने ते कधी परके मानलेले नाही. डोंगराच्या कुशीतील ५२ जैन मंदिरे पायऱ्यांनी जोडलेली आहेत. भाविक अनवाणी चढतात. दगड तापण्यापूर्वी, म्हणजे सकाळी नऊच्या आत चढण संपवावी.

मोर्शीजवळचे सालबर्डी येथे डोंगरातील गुहेत महादेवाचे स्थान आहे. पायऱ्या, ओढा आणि झाडी असा छोटेखानी बेत अर्ध्या दिवसात आटोपतो. महाशिवरात्रीच्या यात्रेत मात्र येथे पाय ठेवायला जागा नसते. लहान मुलांना नेण्यासाठी तो आठवडा वगळावा.