गेमच्या मशीनमधला कॉम्प्युटर

सांगलीच्या भंगारबाजारातून आणलेल्या गेमच्या मशीनची मागची फळी उघडली, तर आत बोर्डाला वीज पुरवणारा डबा चक्क कॉम्प्युटरचा निघाला. जुन्या मशीनमध्ये कॉम्प्युटर घालून गेम चालवण्याची युक्ती आली कुठून, याचा शोध मी या डब्यापासूनच घेतो.

रूढ मत असं, की ही कथा ५ फेब्रुवारी १९९७ रोजी सुरू झाली. त्या दिवशी इटलीच्या निकोला साल्मोरियाने ‘मेम’ हा प्रोग्राम बाहेर काढला आणि जुन्या बोर्डांवरचे गेम घरच्या कॉम्प्युटरवर चालू लागले. दुसरं मत निन्टेन्डोकडे बोट दाखवतं: १९८४ च्या ‘व्हीएस सिस्टिम’ने घरगुती यंत्राचीच जात दुकानातल्या मशीनमध्ये नेली होती. दोन्ही मतं गेमचा प्रवास सांगतात. मशीन परक्या यंत्राला आत घ्यायला तयार कसं झालं, हे त्यांतून कळत नाही.

त्याचं उत्तर १९८५ च्या ‘जामा’ या जपानी मानकात आहे. त्यामुळे बोर्ड जोडायची पट्टी बहुतेक ठिकाणी एकच झाली: ५६ टोकं, दोन्ही अंगांना २८-२८. सातवी जागा बंद, म्हणजे पट्टी उलटी बसणारच नाही. १२ वर लाल रंग, १३ वर निळा, २२ वर पहिलं बटण. वीज तीन तऱ्हेची: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५ व्होल्ट. आणि १९८१ च्या आयबीएम पीसीच्या डब्यातून नेमके हेच तीन दाब मिळत, वर उणे १२ जादा. माझ्या मते कॉम्प्युटर मशीनमध्ये पहिल्यांदा शिरला तो या वाटेने, वीज द्यायला. गेम मागाहून आले.

पडद्याचं नातं तर याहून जवळचं. या मशीनचा मॉनिटर सेकंदाला सुमारे १५,७०० ओळी काढतो. आपला जुना टीव्ही १५,६२५. पहिल्या पीसीचं सीजीए कार्डही याच चालीचं होतं. १९८७ च्या व्हीजीएने ती दुप्पट केली आणि नातं तुटलं. आज साधा कॉम्प्युटर थेट जोडला तर चित्र फाटतं, मॉनिटर बिघडण्याचीही भीती असते. सातारा-सांगलीकडची ही मशीन टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांच्या हातांनीच जगली असणार, असं मला टीव्हीशी असलेल्या या साम्यावरून वाटतं.

तुटलेलं नातं पुन्हा जोडायला ‘जे-पॅक’ नावाचा छोटा बोर्ड मदत करतो. तो जुन्याच पट्टीत बसतो, जॉयस्टिकचा झटका कीबोर्डच्या कळीसारखा कॉम्प्युटरला कळवतो आणि चुकीच्या चालीचा सिग्नल पडद्यापर्यंत जाऊ देत नाही.

मशीनमध्ये कॉम्प्युटर घेण्याची गरज किती, ते आपल्याकडे ‘मुस्तफा’ म्हणून खेळल्या गेलेल्या, कॅपकॉमच्या १९९३ च्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’वरून कळतं. मूळ बोर्डावर आवाजाच्या चिपची गुपितं एका बॅटरीवर टिकून होती. बॅटरी संपली की बोर्ड मुका होऊन बंद. अशा बोर्डाच्या जागी कॉम्प्युटर आला, की तो गेम त्याच मशीनवर पुन्हा चालतो.

सातारा जिल्ह्यातल्या पुसेगावच्या यात्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये रिळांच्या जागी डिजिटल प्रोजेक्टर आला, तरी तंबू तोच राहिला. मशीनचंही तसंच व्हावं. म्हणून मशीन बदलायला घेणाऱ्याने आधी कातरी बाजूला ठेवावी. जुनी वायरिंग कापून टाकायची घाई पुष्कळ जण करतात. पण कॉम्प्युटरला आत घेणारी वाट त्या पट्टीतच आहे.