कवडीपाटचे पाहुणे, लक्ष्मण यांचे कावळे

पुणे-सोलापूर रस्त्यावर हडपसर आणि मांजरी मागे पडली की लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीपाट लागतं. रस्ता सोडून डावीकडे मुळा-मुठेच्या काठाशी उतरलं, की जुन्या बंधाऱ्यापाशी हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी गावकऱ्यांपेक्षा दुर्बीणवाले जास्त दिसतात. पाणी इथे उथळ होतं. त्यावर फेस असतो, कडेला प्लास्टिक अडकलेलं असतं, जलपर्णी साचलेली असते, आणि वास असा की नवखा माणूस आधी खिशातला रुमाल चाचपतो. त्याच पाण्यात चक्रवाकांच्या केशरी जोड्या बसलेल्या असतात. थापट्या बदकांचे थवे पसरट चोचीने पाणी गाळत असतात, शेकाटे लांब तांबड्या पायांवर तोल सावरत चालतात, धोबी शेपटी हलवत दगडादगडांवरून फिरतात. मोठमोठ्या लेन्सांच्या गर्दीत कुणाच्या मांडीवर चित्रवहीही दिसते. लोणी काळभोरला २००६ पासून डिझाइन शिकवणारी संस्था आहे, तेव्हा पेन्सिलवाल्यांचं इथे नवल वाटू नये.

नवल वाटावं ते वेगळ्याच गोष्टीचं. महाराष्ट्रात पक्ष्यांची चित्रं दीड हजार वर्षं तरी काढली जात आहेत, पण त्यातले फार थोडे पक्षी अशा खऱ्या, ठावठिकाणा असलेल्या पाण्यावर बसलेले आहेत. चित्रातला पक्षी बहुधा कशाचं तरी प्रतीक म्हणून यायचा. मोर सरस्वतीचा, राघू प्रेमाचा, हंस विवेकाचा. दख्खनच्या दरबारी चित्रांत ससाणा दिसतो तो राजाच्या मुठीवर. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचं ससाणा घेतलेलं चित्र प्रसिद्ध आहे. तो पक्षी हुबेहूब आहे, पण त्याची गणना खरं तर दागिन्यांतच करायला हवी.

हंसाची गोष्ट मात्र थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हंसांची एक रांग रंगवली आहे. कुणी मान वळवून मागे पाहतो, कुणी पंख उचलतो, कुणी खाली वाकून काही टिपतो. एकाची ढब दुसऱ्यासारखी नाही. सतराव्या लेण्यात हंसजातकाची कथा आहे. पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात हे काम करणाऱ्यांनी पाणपक्षी जवळून आणि पुष्कळ वेळ पाहिले असणार, यात शंका घ्यायला जागा नाही. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या प्रतिकृती केल्या. त्यातल्या बऱ्याच लंडनला आगीत गेल्या, पण त्या निमित्ताने चित्रकलेच्या विद्यार्थ्यांची एक पिढी या भिंतींसमोर बसली.

डच संशोधक फोगेल यांचं भारतीय साहित्य आणि कलेतल्या या पक्ष्यावरचं अख्खं पुस्तक १९६२ मध्ये प्रसिद्ध झालं. आपला हंस म्हणजे युरोपातला लांब मानेचा राजहंस नव्हे, तो रानटी कलहंस, त्यातही हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब, असं त्यांचं म्हणणं होतं. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा पाहुणा तिबेट, लडाख, मंगोलियाकडे वीण करतो आणि हिवाळ्यात दक्षिणेत उतरतो. कवडीपाटावरून पुढे गेलेली मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीच्या जलाशयात. तिथे, भिगवणच्या बाजूला, हे कादंब आजही येतात.

या कसोटीवर राजा रविवर्म्यांचा हंस पडतो. १८९९ मधलं ‘हंस-दमयंती’ आठवावं. तांबड्या साडीतली दमयंती आणि तिच्यासमोर पांढराशुभ्र, वाकदार लांब मानेचा पक्षी. रविवर्म्यांचं तैलरंगावरचं प्रभुत्व वादातीत आहे, साडीची घडी न् घडी खरी वाटते. पक्षी मात्र थेट युरोपातल्या तळ्यावरून उचललेला. तो राजहंस महाराष्ट्रात कधी राहिलेला नाही, भारतीय उपखंडातही त्याची हजेरी वायव्येकडे आणि क्वचितच. पुणे जिल्ह्यातच, कार्ल्याजवळच्या मळवलीला रविवर्म्यांचा छापखाना होता. तिथल्या शिळाछापांनी देवादिकांची चित्रं घरोघरी पोचवली आणि मराठी माणसाच्या डोळ्यांत हंस बसला तो असा लांब मानेचा. ज्यांनी वास्तववाद आणला त्यांचा पक्षी कल्पनेतला, आणि ज्यांची शैली आपण अलंकारिक म्हणतो त्या अजिंठेकरांचा पक्षी खरा, असा हा उफराटा न्याय आहे.

पेशवाईत पुण्याला एक संधी आली होती. सवाई माधवरावांना प्राण्यांची भारी हौस, आणि पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना होता. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या पदरी काम करणाऱ्या गंगाराम तांबटाने नोव्हेंबर १७९० मध्ये तिथला गेंडा जलरंगात काढला. ते चित्र आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. गंगाराम पुण्याचाच. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याच्याकडे तो पुढे शिकला आणि वेरूळच्या लेण्यांची त्याने केलेली रेखाटनं अभ्यासकांना ठाऊक आहेत. गेंडा काढणाऱ्या हाताला मैना जड नव्हती. त्याच सुमारास कलकत्त्यात लेडी इम्पे यांनी पाटण्याच्या शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास यांच्याकडून आपल्या बागेतले पक्षी शेकड्याने रंगवून घेतले होते. पुण्यात वकिलातीचं लक्ष लेण्यांकडे आणि दरबाराकडे राहिलं. १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले, मग वेल्सही वारला, आणि नंतरच्या धामधुमीत पुण्याचा इम्पे संग्रह व्हायचा राहून गेला.

पुण्याच्या पक्ष्यांची पहिली मोठी नोंद झाली ती शब्दांत, आणि तीही एका लष्करी माणसाच्या हातून. विल्यम हेन्री साइक्स १८१७ च्या खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध लढला होता. १८२४ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं. पिकं, माणसं, भाव, पाऊस यांची मोजदाद करता करता त्याने पक्षीही मोजले. १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली. तीत सुमारे २३६ जाती होत्या आणि त्यातल्या कित्येक विज्ञानाला तोवर माहीत नव्हत्या.

त्या यादीतली नावं चाळताना गंमत वाटते. एका रातव्याला साइक्सने मराठ्यांवरून ‘महरट्टेन्सिस’ असं नाव दिलं. मोठा राखी सातभाई मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या नावाने नोंदला गेला. कलकल करत टोळीने फिरणाऱ्या पक्ष्याला राज्यकर्त्याचं नाव देण्यात साइक्सचा काही मिस्कील हेतू होता का, देव जाणे. राखी वटवट्या त्यानेच नोंदवला. आणि ढोकरी! पुण्याच्या कुठल्याही नाल्यावर, मातकट पाठ फुगवून, ध्यान लावून उभा असलेला हा बगळा उडाला की एकदम पांढरा होतो. त्याचं शास्त्रीय वर्णन प्रथम साइक्सने केलं. कवडीपाटच्या फेसाळ पाण्यातही ढोकरी जागोजाग उभी असते, पण एकही कॅमेरा तिच्याकडे वळत नाही.

साइक्सच्या वेळची नदी मात्र आता नाही. बंडगार्डनचा बंधारा, खडकवासल्याचं धरण, मग वाढतं शहर आणि त्याचं सांडपाणी यांनी मुळा-मुठेचा स्वभाव बदलला. शहराने सोडलेलं सगळं लोणी काळभोरच्या वेशीपर्यंत वाहत येतं. सेंद्रिय घाणीवर अळ्या-किडे पोसले जातात, आणि गाळ चाळून खाणाऱ्या पक्ष्यांना त्यात मेजवानी मिळते. स्वच्छ पाण्यात नजरेने मासा हेरून सूर मारणाऱ्यांची पंचाईत होते ती वेगळी. पक्षी भरपूर म्हणजे नदी ठणठणीत, असा हिशेब इथे लागू पडत नाही.

शहराने ज्याची खरोखर वाट पाहिली असा पक्षी एकच, कावळा. पुण्यात ओंकारेश्वराच्या घाटावर दहाव्याला पिंड ठेवून माणसं हात जोडून त्याची आळवणी करत आली. पितृपक्षात गच्चीवर त्याचं पान आधी. एरवी मात्र तो हाकलण्यापुरता, आणि चित्रात तर त्याला जागाच नव्हती. ती दिली आर. के. लक्ष्मण यांनी.

लक्ष्मण मूळचे म्हैसूरचे. जे. जे. स्कूलने त्यांना प्रवेश नाकारला होता, आणि त्याच मुंबईत पुढे त्यांचा ‘कॉमन मॅन’ दररोज पहिल्या पानावर आला. कावळ्याचं वेड लहानपणापासूनचं. त्याची कारणं ते चित्रकाराच्या भाषेत सांगत: हिरवं झाड, निळं आकाश, तांबडी माती, कशावरही काळा रंग उठून दिसतो, दुसरे पक्षी बुजतात, पानांत दडतात, हा मात्र समोर येऊन बसतो. व्यंगचित्रं म्हणजे रोजची भाकरी होती, कावळे काढायला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी ते शाईत काढले, रंगात काढले, एकेकटे आणि जथ्याने काढले. मान तिरकी करून पाहणारा, पंख विस्कटलेला, चोच उघडून भांडणारा असा त्यांचा कावळा कुठल्याच देवतेचं वाहन होऊन येत नाही, शनीचंसुद्धा. व्यंगचित्रकाराचा डोळा इथे कामाला आला असावा. मंत्र्याच्या पोटाचा घेर ज्या नजरेने टिपायचा, त्याच नजरेने कावळ्याच्या चालीतला तोरा. आयुष्याची अखेरची वर्षं लक्ष्मण पुण्यात, औंधला राहिले. पक्षाघातानंतरही त्यांचा हात चालू होता. २६ जानेवारी २०१५ रोजी पुण्यातच ते गेले. बालेवाडीला त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे.

पुण्याच्या आकाशवाणीवर १९५५ पासून ग्रामीण कार्यक्रम करणारे व्यंकटेश माडगूळकर हे याच गोत्राचे. माणदेशातून आलेला, तरुणपणी बंदूक घेऊन हिंडलेला हा लेखक पुढे बंदूक टाकून पक्षी पाहू लागला. लेखणीइतकीच त्यांना रेषाही वश होती, आणि स्वतःच्या पुस्तकांसाठी ते रेखाटनं करत. त्यांच्या गद्यात पक्षी अंगविक्षेपांसकट येतो, कारण तो आधी कागदावर काढून पाहिलेला असतो. मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचे, म्हणजे याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचे. त्यांनी वनखात्यात राहून पक्ष्यांची मराठी नावं जमवली आणि ‘पक्षीकोश’ सिद्ध केला. या दोघांमुळे मराठी वाचकाचं ‘एक छानसा पक्षी’ असं मोघम बोलणं थोडं तरी कमी झालं.

कॅमेऱ्याने चित्रकाराची सुट्टी केली, असं मात्र अजून झालेलं नाही. भारतीय उपखंडाच्या पक्ष्यांचं १९९८ मधलं ग्रिमेट-इन्स्किप यांचं जाडजूड मार्गदर्शक घ्या. ते बारा चित्रकारांनी रंगवलं. त्यात भारतीय एकच, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीशी जोडलेले कार्ल डिसिल्व्हा. छायाचित्रात पक्षी त्या क्षणीच्या उजेडात आणि त्या क्षणीच्या मुद्रेत अडकतो. रंगवलेल्या पानावर नर, मादी, पिल्लू, हिवाळी पिसारा, उडतानाचा पंख हे सगळं एकाच उजेडात शेजारी मांडता येतं. कवडीपाटच्या चिखलात धावणाऱ्या तुतवाऱ्या एकमेकींसारख्या दिसतात. पाठीवरच्या ठिपक्यांत आणि कमरेच्या पांढऱ्या पट्ट्यात काय तो फरक. म्हणून लाखाच्या लेन्सने पन्नास छायाचित्रं काढून झाल्यावरही ही ठिपकेवाली की हिरवट पाठीची, यावर वाद पेटला की पाठपिशवीतून तेच रंगवलेलं पान बाहेर निघतं.