नाव नसलेल्या चिठ्ठ्या

आमच्या पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवायचं. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव आणि मधे दगड. लहानपणापासून हे ऐकत-बघत आल्यामुळे असेल, मतभेद म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर आधी दगडच येतो.

म्हणून माझी भाची नागपूरहून आली तेव्हा तिच्याजवळचे कागद मी कौतुकानं पाहिले. ती नर्सिंगमध्ये संशोधन करते. कागद तज्ज्ञांनी भरून पाठवलेले, पण ती मला वाचून दाखवत होती त्यात नावं नव्हती. "मावशी, ही डेल्फी पद्धत." तज्ज्ञांना एकत्र बसवायचंच नाही. प्रत्येकाचं मत वेगळं मागवायचं, मग कोणाचं कोणतं ते न सांगता सगळी मतं सगळ्यांना कळवायची आणि पुन्हा विचारायचं. ज्याचं मत इतरांपासून फार लांब, त्यानं कारण लिहायचं. असे दोन-तीन फेरे.

मी इतिहास घेऊन बी. ए. झाले. मूळ शोधल्याशिवाय चैन पडेना, आणि मूळ निघालं भयंकर. १९५१च्या सुमारास अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये नॉर्मन डाल्की आणि ओलाफ हेल्मर यांनी सात तज्ज्ञांना विचारलं, की रशियाच्या बाजूनं पाहिलं तर अमेरिकेचं शस्त्रउत्पादन मोडायला किती अणुबॉम्ब लागतील? पहिली उत्तरं पन्नासपासून पाच हजारांपर्यंत. पाच प्रश्नावल्यांनंतर ती आली १६७ ते ३६० वर. प्रकरण गुप्त, म्हणून छापून आलं थेट १९६३ साली. मुंगीसुद्धा वाचवून चालायला शिकवलेल्या घरातली मी, हे आकडे वाचून पुस्तक मिटूनच ठेवलं. नाव मात्र ग्रीसमधल्या अपोलोच्या देवळावरून, जिथे एक बाई भविष्य सांगायची. डाल्कींना ते नाव फारसं रुचलं नव्हतं म्हणे. भविष्यवाणीचा वास येतो ना!

पण एक गोष्ट त्या लोकांनी बरोबर ओळखली होती. समोरासमोर बसलं की मोठ्या माणसाचं मत हेच सगळ्यांचं मत होतं. हे आम्हा बायकांना कोणी शिकवायला नको.

आमच्या महिला मंडळात शिल्लक पैशातून हॉलची फरशी बदलायचं ठरत होतं. काकूंनी सुचवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, एकदा चिठ्ठ्या लिहू या, नाव नको. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांत फरशी नव्हतीच. एकीनं लिहिलं होतं, सौंसरच्या कॉलेजला जायला बसचे पैसे नाहीत म्हणून मुलगी घरी बसली आहे. गावात सगळ्यांना सगळ्यांचं अक्षर ठाऊक, म्हणून साऱ्या चिठ्ठ्या मी माझ्या हातानं उतरवून काढल्या. तेव्हा लक्षात आलं, मधे बसून उतरवणाऱ्याच्या हातात केवढी सत्ता असते! एखादं वाक्य गाळलं असतं तर कोणाला कळलं असतं? आणि भाचीनं बजावलंच होतं, एकमत झालं म्हणजे ते खरंच असतं असं नाही.

दुसऱ्या फेरीत बहुतेकींनी बसच्या पासाचं लिहिलं. एकच चिठ्ठी फरशीवर अडून राहिली. कारण दिलं होतं: दाराजवळची फरशी फुटली आहे, सामायिकाला येणाऱ्या म्हाताऱ्या बायका घसरतात, मीही एकदा पडले, सांगितलं नाही.

मग दाराजवळची तेवढी फरशी बदलली, उरलेले पैसे पासाला ठेवले. चिठ्ठी कोणाची ते अक्षरावरून मला कळलं होतं. काकूंना मी अजून काही विचारलेलं नाही.