लाकडी खिडक्यांचे रंगकाम

लाकडी खिडक्यांचे रंगकाम म्हणजे खिडकीच्या चौकटीवरील व झडपांवरील जुना रंग दुरुस्त करून किंवा काढून टाकून त्यावर नव्या रंगाचे हात देणे होय. रंगाच्या थरामुळे लाकडात ओलावा शिरण्याचे प्रमाण घटते व पृष्ठभाग पुसून स्वच्छ ठेवता येतो. हे काम किती टिकेल, हे नव्या रंगापेक्षा पृष्ठभागाच्या पूर्वतयारीवर अधिक अवलंबून असते. जुन्या रंगात शिशाची संयुगे असण्याचा संभव असल्यामुळे ही पूर्वतयारी आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची ठरते.

खिडकीचे लाकूड व हवामान

महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांत, चाळींत व बंगल्यांत सागवानी खिडक्या आजही आढळतात. चौकटीत लोखंडी गज आणि बिजागऱ्यांवर फिरणाऱ्या झडपा अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. लाकूड हवेतील बाष्प शोषून फुगते व कोरड्या हवेत आकसते. म्हणून पावसाळ्यात झडपा चौकटीत अडकतात. रंगावर रंग चढत गेल्यानेही झडपेची कड जाड होते. पावसाळ्यात रंधा मारून कड कमी केल्यास उन्हाळ्यात तेथे फट राहते. त्यामुळे पाऊस संपून लाकूड पुरते वाळल्यानंतरचा काळ या कामास योग्य मानला जातो.

जुन्या रंगातील शिसे

सफेदा आणि शेंदूर ही दोन्ही शिशाची संयुगे आहेत. लाकडाला पूर्वी दिल्या जाणाऱ्या गुलाबी अस्तरात ती जवसाच्या तेलात कालवलेली असत. पिवळ्या व नारिंगी छटांसाठी शिशाचे क्रोमेट वापरले जाई; रंग लवकर वाळावा म्हणूनही शिशाची संयुगे मिसळली जात. भारत सरकारने २०१६ मध्ये नियम करून घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित केले. हे नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वी रंगवलेल्या खिडक्यांत शिसे असू शकते, असे गृहीत धरणे श्रेयस्कर असते.

भिंतीच्या तुलनेत खिडकीचा धोका अधिक असतो. झडप उघडताना व मिटताना तिची कड चौकटीवर घासते आणि रंगाची बारीक धूळ खाली पडते. रांगणारी मुले ती हातांवाटे तोंडात नेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही; पोटात गेलेले शिसे लहान मुले प्रौढांच्या चार ते पाच पट शोषू शकतात. त्यामुळे मेंदूची वाढ, एकाग्रता व शिकण्याची क्षमता यांवर परिणाम होतो. बाह्य लक्षणे अनेकदा दिसत नाहीत. शंका असल्यास रक्ततपासणीने निदान होते.

पूर्वतयारी

जुना रंग घट्ट व अखंड असल्यास तो मुळापासून काढण्याची गरज नसते. पृष्ठभाग धुऊन, हलकेच घासून त्यावर नवा रंग देता येतो. पोपडे आलेला भाग व घासणाऱ्या कडा मात्र खरवडाव्या लागतात. त्या वेळी पुढील दक्षता घेतली जाते :

• मुले व गर्भवती स्त्रिया यांना काम पूर्ण होईपर्यंत त्या खोलीपासून दूर ठेवतात.
• सामान बाहेर काढून जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरतात व पंखा बंद ठेवतात.
• रंग कोरडा न घासता पाणी शिंपडून, वॉटर पेपरने घासतात. यंत्राने कोरडे घासणे किंवा ज्योतीने रंग जाळणे धोक्याचे असते.
• साधा रुमाल बारीक धूळ अडवू शकत नाही. एन-९५ किंवा त्याहून सरस मुखपट्टी वापरतात.

ओले लाकूड वाळल्यावर भेगा व खिळ्यांची भोके लांबीने भरतात. काच बसवण्याची पारंपरिक लांबी खडूची भुकटी व जवसाचे तेल मळून केली जाते. ती सुटली असल्यास नवी भरतात. टोचणीने सहज भोक पडणारे लाकूड कुजलेले किंवा वाळवीने पोखरलेले असते. ते बदलल्याशिवाय रंग टिकत नाही. गजांवरील गंज तारेच्या ब्रशने काढून त्यांना धातूचे अस्तर देतात.

रंग देणे

उघड्या पडलेल्या लाकडास प्रथम लाकडाचे अस्तर व त्यावर रंगाचे दोन पातळ हात देतात. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात अधिक टिकतात व झडप अडकण्याचा संभव कमी होतो. जुन्या तेली रंगावर पाण्यात मिसळणारा रंग द्यावयाचा असल्यास चकाकी घासून काढून योग्य अस्तर देणे आवश्यक असते. अन्यथा नवा थर सुटतो. डब्यावरील शिशाच्या प्रमाणाची नोंद पाहून रंग निवडावा.

झडपा उघड्या ठेवून आधी काचेलगतच्या पट्ट्या, मग झडपा व शेवटी चौकट असा क्रम सोयीचा असतो. रंग काचेवर सुमारे दोन मिलिमीटर येऊ दिल्यास लांबी व काच यांमधील फट बुजते. बिजागऱ्या व कड्या काढून किंवा चिकटपट्टीने झाकून ठेवतात. रंग पूर्ण वाळेपर्यंत झडपा मिटत नाहीत, अन्यथा त्या चौकटीला चिकटतात.

स्वच्छता

धूळ कोरड्या केरसुणीने झाडल्यास पुन्हा हवेत पसरते. म्हणून प्लास्टिक आतल्या बाजूस गुंडाळून, बांधून काढतात व जमीन, खिडकीचा कठडा साबणाच्या पाण्याने दोनदा पुसतात. खरवड बंद पिशवीत भरतात. ती जाळत नाहीत वा बागेत टाकत नाहीत. कामाचे कपडे वेगळे धुतात. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.